रेल्वेचा डबा आतून नवा होतो तेव्हा

रेल्वेचा डबा जुना झाला तर तो मोडीत काढून त्याच्या जागी नवा का आणत नाहीत, आणि नवी बाके, नवी फरशी व नवा रंग मिळालेला जुना डबा खरोखर नवा होतो की केवळ तसा दिसतो, हे दोन प्रश्न प्रवाशांच्या बोलण्यात वारंवार येतात. वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या प्रवाशालाही ते पडतात. वेरूळला स्वतःचे रेल्वे स्थानक नसल्यामुळे बाहेरगावचा माणूस बहुधा छत्रपती संभाजीनगरला उतरून सुमारे तीस किलोमीटरचे अंतर रस्त्याने जातो, आणि त्या स्थानकावर तपोवन, देवगिरी, नंदीग्राम, मराठवाडा अशा नेहमीच्या एक्स्प्रेस गाड्यांबरोबर डिसेंबर २०२३ मध्ये जालना ते मुंबई अशी सुरू झालेली वंदे भारतही थांबत असल्याने निरनिराळ्या पिढ्यांच्या डब्यांतील फरक त्याच्या सहज नजरेस येतो. डब्यात नेमके काय जुने होते, ते कसे बदलले जाते आणि त्या बदलाची पारख कशी करावी, याचा क्रमाने विचार या प्रकरणात केला आहे.

१. डब्याचे वय

डब्याचे वय ओळखण्यासाठी रेल्वेत नोकरी असावी लागत नाही. डब्याच्या बाहेरील बाजूवर जो मोठा क्रमांक रंगवलेला असतो, त्याचे पहिले दोन अंक सामान्यतः तो डबा बांधला गेल्याचे वर्ष सांगतात. क्रमांकाची सुरुवात ०७ ने होत असेल तर डबा २००७ चा, म्हणजे २०२५ साली अठरा वर्षांचा, असे समजावे. डब्याच्या टोकाकडील भिंतीवर त्याची मोठी दुरुस्ती शेवटची कोणत्या कार्यशाळेत झाली आणि पुढच्या दुरुस्तीसाठी तो कधी परतायचा आहे, याचीही नोंद असते.

प्रत्येक डब्याला रेल्वेने एक ठरावीक सेवाकाल नेमून दिलेला असतो आणि त्याला कोडल आयुष्य म्हणतात. चेन्नईतील पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले, आणि तेथे स्विस आराखड्यावरून तयार होऊ लागलेल्या डब्यांना तिच्या आद्याक्षरांवरून आयसीएफ डबे म्हणतात. त्यांचे कोडल आयुष्य २५ वर्षांचे आहे. त्यांच्यानंतर आलेल्या, जर्मन आराखड्याच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या एलएचबी डब्यांचे आयुष्य ३५ वर्षे धरले जाते. आयसीएफ आराखड्याच्या डब्यांचे उत्पादन पेरांबूरला जानेवारी २०१८ मध्ये थांबले, त्यामुळे नियमाने पाहिले तर त्यांतील सर्वांत तरुण डब्यांचा काळ २०४३ मध्ये संपेल; त्याआधी ते बदलले गेले नाहीत, तर तोवर त्यांना प्रवाशांच्या योग्यतेचे राखणे हे कामच आहे.

या सेवाकालात डबा अनेकदा कार्यशाळेत जातो. आयसीएफ डब्याची सर्वांगीण दुरुस्ती, जिला कामगार ‘पीओएच’ म्हणतात, साधारणपणे दर अठरा महिन्यांनी होते. २५ वर्षांचे ३०० महिने होतात आणि त्यांना अठराने भागले की सोळाच्या आसपास फेऱ्या निघतात. यांखेरीज वयाच्या साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी एक फार मोठे काम निघते, ज्यात डबा आतून जवळजवळ रिकामा करून पुन्हा उभारला जातो. याला मध्यायुष्य पुनर्बांधणी म्हणतात आणि खास याच कामासाठी १९८९ मध्ये भोपाळजवळ निशातपुरा येथे स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाली. या पुनर्बांधणीने डब्याचे नेमलेले आयुष्य वाढत नाही, तर ते आयुष्य तो सुरक्षितपणे पुरे करू शकेल अशी खात्री मिळते, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

२. सांगाडा आणि अस्तर

डब्यात काय बदलता येते आणि काय येत नाही, हे कळण्यासाठी त्याचे दोन भाग वेगळे ओळखावे लागतात. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराचे लेणे म्हणतात, कमानदार छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. पाहणाऱ्याला त्या छत पेलणाऱ्या तुळया वाटतात, पण त्यांच्यावर कशाचाही भार नाही, कारण सगळा भार वरचा अखंड कातळ सोसतो. रेल्वेच्या डब्यातही प्रवाशाला दिसणारे फिकट रंगाचे तक्ते, छताची पट्टी आणि खिडकीभोवतीची चौकट हे सगळे अस्तर असते आणि भार त्याच्या मागच्या पोलादी सांगाड्यावर असतो.

आयसीएफ डब्याचा हा सांगाडा सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा असतो. खालची चौकट, बाजूच्या भिंती आणि छप्पर एकत्र वेल्डिंग करून त्यांची एकच नळी बनवलेली असते, आणि डब्यावर येणारा ताण या सगळ्या भागांत वाटला जातो. याच रचनेमुळे डबा हलका असूनही मजबूत राहतो, परंतु याच रचनेमुळे भिंतीच्या खालच्या कडेचा पत्रा गंजला तर ती केवळ दिसण्यातली उणीव राहत नाही, डब्याची एकूण ताकदच घटते. अस्तर मात्र कितीही वेळा काढले आणि लावले तरी सांगाड्याच्या बळात फरक पडत नाही. नूतनीकरणाचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे: जे बदलायला सोपे आहे, ते काढल्याशिवाय जे जपायला हवे ते दिसत नाही.

३. पाण्याच्या वाटा

डब्याचा सर्वांत मोठा शत्रू वापर नसून पाणी आहे. बाके झिजतात, रेक्झिन फाटते, पंख्याच्या जाळ्या वाकतात, पण ही झीज डोळ्यांना दिसते आणि वेळेवर सुधारता येते. पाणी मात्र अस्तरामागे काम करते. पावसात उघड्या राहिलेल्या किंवा नीट न बसणाऱ्या खिडकीच्या उंबऱ्यातून ते भिंतीच्या पोकळीत उतरते, खाली डब्याच्या दोन्ही बाजूंनी लांबवर जाणाऱ्या पोलादी तुळईवर, म्हणजे सोलबारवर, साचते आणि निचऱ्याची भोके धूळ-कचऱ्याने बुजली असतील तर तेथेच मुरते. दारापाशी ये-जा करणाऱ्यांच्या पायांबरोबर चिखल येतो आणि शौचालयाच्या फरशीतून दिवसातून अनेकदा पाणी, मूत्र व सफाईची रसायने झिरपतात. म्हणून गंजाची ठरलेली ठिकाणे तीन: शौचालयांखालचा भाग, दारांजवळचा भाग आणि खिडक्यांखालचा भिंतीचा तळ.

शौचालयांच्या बाबतीत एक मोठा बदल गेल्या दीड दशकात झाला. पूर्वी मैला थेट रुळांवर पडे आणि त्याचे शिंतोडे डब्याच्या तळाला व चाकांच्या गाड्याला लागत. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या मदतीने रेल्वेने जैव शौचालय तयार केले, ज्याच्या टाकीत ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू मैल्याचे पाणी व वायूत रूपांतर करतात. २०११ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०१९ च्या सुमारास बहुतेक सर्व मुख्य मार्गांवरील डब्यांत ते बसवून झाले. हा बदल स्वच्छतेसाठी तर झालाच, पण रुळांचे आणि डब्याच्या तळाचे आयुष्य राखण्यासाठीही त्याची गरज होती.

४. कार्यशाळेतील क्रम

महाराष्ट्रात हे काम ज्या ठिकाणी दीर्घकाळ चालत आले आहे, त्यांत मुंबईची माटुंगा कार्यशाळा अग्रगण्य आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती १९१५ मध्ये डबे व मालवाहू वाघिणींच्या दुरुस्तीसाठी उभारली, आणि आज ती मध्य रेल्वेच्या डब्यांची देखभाल करते. अशा कार्यशाळेत आलेल्या डब्याचा प्रवास ठरावीक टप्प्यांनी होतो.

पहिल्या टप्प्यात डबा क्रेनने उचलून चाकांच्या गाड्यांवरून वेगळा केला जातो. गाडे दुरुस्तीसाठी एका विभागात जातात आणि सांगाडा दुसऱ्या विभागात. दुसऱ्या टप्प्यात आतील सामान उतरवतात: बाके, बर्थ, सामानाच्या जाळ्या, दिवे, पंखे, शौचालयाची भांडी, आणि काम मोठे असेल तर भिंतींचे तक्ते व फरशीचे फळेही. तिसरा टप्पा निर्णायक असतो. उघड्या झालेल्या पत्र्यावर हातोडीने ठोकून आवाजावरून आणि जाडी मोजून गंजाची खोली ठरवतात, कमकुवत भाग कापून काढतात आणि त्या जागी नवा पत्रा वेल्डिंग करून बसवतात. त्यावर गंजरोधक लेप चढल्यानंतरच चौथ्या टप्प्यात फरशी, अस्तर, वीजतारा आणि बाके परत बसतात. शेवटी रंग, चाचण्या आणि डब्याच्या टोकावर नव्या तारखेची नोंद होते.

या क्रमात तिसऱ्या टप्प्याला घाई झाली तर पुढचे सारे काम वाया जाते, कारण गंजलेल्या पत्र्यावर नवे अस्तर बसवले की तो गंज पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. डबा बाहेर काढण्याची तारीख ठरलेली असते, गाडीला डब्यांची टंचाई असते आणि प्रवाशाची प्रशंसा तर नव्या रेक्झिनला मिळते. तरीही पत्र्याची जाडी मनापासून मोजणारा फिटर आणि वेल्डर या साखळीत सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

५. कोणते साहित्य आणि का

अस्तरासाठी कोणतेही टिकाऊ साहित्य चालेल, असे नाही. पाण्याबरोबर आग, वजन आणि वीज या तिन्हींचा विचार त्यात करावा लागतो.

फरशीत पूर्वी साधे प्लायवूड असे आणि ओल लागली की ते फुगे. त्याऐवजी कॉम्प्रेग वापरात आले. लाकडाचे पातळ थर राळेत भिजवून मोठ्या दाबाखाली एकजीव केले की हा घट्ट फळा तयार होतो आणि त्यावर पीव्हीसीचा अखंड पापुद्रा चिकटवतात. भिंतींच्या आत उष्णता व आवाज रोखण्यासाठी जुन्या डब्यांत अॅस्बेस्टॉसचा थर फवारलेला असे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर आजार होतात हे स्पष्ट झाल्यावर तो वापर बंद झाला आणि काचेच्या लोकरीसारखे पर्याय आले. जुना डबा उघडताना म्हणूनच प्रवाशाआधी कामगाराच्या प्रकृतीचा प्रश्न येतो आणि मुखपट्टी, धूळ शोषणारी व्यवस्था व कचऱ्याची वेगळी विल्हेवाट यांशिवाय असे काम होता कामा नये.

आगीच्या दृष्टीने बाकाची गादी, तिच्यावरचे रेक्झिन, पडदे आणि तारांचे आवरण हे सर्वांत धोक्याचे भाग होत. पेट घेतल्यावर ज्योतीइतकाच धूरही जीवघेणा ठरतो, आणि बंदिस्त वातानुकूलित डब्यात तो पटकन साठतो. लखनौ येथील रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, जी आरडीएसओ या नावाने ओळखली जाते, साहित्य किती वेळाने पेटते, ज्योत किती पसरते आणि धूर किती निघतो याच्या मर्यादा ठरवते. बाजारात मिळणारे स्वस्त रेक्झिन दिसायला तंतोतंत तसेच असले तरी या कसोट्यांना उतरलेले नसेल तर डब्यात बसवता येत नाही.

वजनाचा हिशेब छोट्या उदाहरणाने कळेल. आयसीएफच्या शयनयान डब्यात ७२ बर्थ असतात. समजा, नव्या गादीमुळे प्रत्येक बर्थचे वजन केवळ एक किलो वाढले, तर डब्यामागे ७२ किलो आणि २२ डब्यांच्या गाडीमागे १,५८४ किलो, म्हणजे दीड टनाहून अधिक भार वाढतो, आणि तो इंजिनाला प्रत्येक फेरीत, वर्षानुवर्षे ओढावा लागतो. विजेचेही तसेच आहे. आयसीएफच्या साध्या डब्यात वीज चाकाच्या आसाला जोडलेल्या यंत्रातून निर्माण होते आणि बॅटरीत साठते, म्हणून ती मोजकी असते. डब्यात वीस वॅटचे ४० दिवे आहेत असे मानले तर ८०० वॅट लागतात. त्यांच्या जागी दहा वॅटचे एलईडी दिवे आले की ४०० वॅट वाचतात आणि तीच वीज मोबाइल चार्जिंगच्या खुंट्यांना देता येते.

६. डेक्कन क्वीनची तीन रूपे

अंतरंगाचा बदल एका गाडीच्या इतिहासात पाहायचा झाला तर मराठी माणसाला सर्वांत जवळची म्हणजे डेक्कन क्वीन. मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान ती १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या मूळ दोन रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या दोन पूर्ण जुळण्यांमध्ये, प्रत्येकी सात डबे होते. त्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या होत्या, पण वरचे डबे माटुंग्याच्या कार्यशाळेतच बांधले गेले. त्या वेळी तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग रद्द होऊन दुसऱ्याला ते नाव मिळाले आणि जून १९५५ मध्ये तिच्यात तिसरा वर्ग आला. पंचवीस वर्षे ज्या गाडीत सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, तिच्या आतील रचनेत या दोन निर्णयांनी जो फरक पडला तो कोणत्याही गालिच्याने पडला नसता.

१९६६ मध्ये मूळ डबे निवृत्त होऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले. अपघातात एक डबा दुसऱ्यात घुसू नये अशी त्यांची रचना होती, आतील बैठकही सुधारली होती, आणि डब्यांची संख्या सातावरून बारावर गेली. तिसरे रूप २२ जून २०२२ पासून दिसू लागले, जेव्हा गाडी एलएचबी डब्यांवर धावू लागली. तिच्या बाह्य रंगसंगतीत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा सहभाग होता, आणि टेबलांवर बसून खाण्याचा जो भोजनयान डबा तिची ओळख आहे, तो राखून त्याची आसनसंख्या ३२ वरून ४० करण्यात आली. या तिन्ही रूपांत सांगाडा पूर्णपणे बदलला आणि तरीही गाडी तीच मानली गेली, यावरून प्रवाशाच्या मनातील गाडी बहुतांशी तिच्या अंतरंगात वसते, असे म्हणता येते.

७. दोन इंच फोम

अंतरंग कोणासाठी सुधारायचे, हा प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका मराठी रेल्वेमंत्र्याने दिले. अहमदनगरला जन्मलेले आणि राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेलेले मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेदाविना सुरू झाली. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर सुमारे दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याचा निर्णयही त्यांचाच. पहिल्या वर्गाची सोय काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाची वाढवावी, ही त्यामागची भूमिका होती. आज शयनयानात ती गादी इतकी स्वाभाविक वाटते की ती कधी नव्हती हेच नव्या पिढीला ठाऊक नसते, आणि चांगल्या सुधारणेची ती खूण आहे.

दुसऱ्या टोकाला डेक्कन ओडिसी आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ही आलिशान गाडी नूतनीकरण होऊन सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली, आणि तिच्या सहलींत वेरूळचाही समावेश असतो. अशा गाडीने पर्यटनाला हातभार लागतो हे खरे, पण तिचे मोजके प्रवासी आणि मराठवाडा एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात उभ्याने जाणारे विद्यार्थी व शेतमजूर यांची संख्या शेजारी ठेवली, तर सार्वजनिक पैशाने होणाऱ्या नूतनीकरणाचा प्राधान्यक्रम कोणता असावा याविषयी शंका उरत नाही.

८. खर्चाचा ताळा

२०१७ मध्ये रेल्वेने राजधानी व शताब्दी गाड्यांसाठी ‘स्वर्ण’ आणि २०१८ मध्ये मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या आयसीएफ डब्यांसाठी ‘उत्कृष्ट’ नावाची योजना हाती घेतली. उत्कृष्टचे उद्दिष्ट ६४० रेकचे होते आणि एका रेकमागे सुमारे ६० लाख रुपये धरले होते. ६४० ला ६० लाखांनी गुणले की ३८४ कोटी होतात, म्हणून योजनेचा आकडा सुमारे ४०० कोटी सांगितला गेला. तेच ६० लाख २२ डब्यांत वाटले तर एका डब्याला पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम येते. एवढ्यात एलईडी दिवे, सुधारलेली शौचालये, ब्रेल लिपीतील फलक आणि नवा रंग बसू शकतो. नव्या डब्याची किंमत कोटींच्या घरात जाते. हा ताळा मांडला की दोन्ही टोकांचे गैरसमज दूर होतात: एवढ्या पैशात डबा नवा होत नाही, आणि एवढाही पैसा न लावणे हे कोट्यवधींच्या मालमत्तेची हेळसांड करणे होय.

जगात इतरत्रही हाच विचार दिसतो. ब्रिटनमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेले मार्क थ्री डबे स्कॉटलंडच्या रेल्वेने चाळिशीच्या आसपास पुन्हा घडवून घेतले, हाताने उघडायच्या दारांच्या जागी स्वयंचलित दारे आणि मैला साठवणारी शौचालये बसवली आणि २०१८ पासून ते पुन्हा सेवेत आणले. सांगाडा शाबूत असेल तर वय हा एकटा निकष ठरत नाही, हे त्यावरून दिसते.

९. न गंजणाऱ्या डब्यांपुढचा प्रश्न

पुढील काळात प्रश्नाचे स्वरूप बदलणार आहे. स्टेनलेस स्टीलचा एलएचबी सांगाडा आयसीएफसारखा गंजत नाही. पण गादी, रेक्झिन, नळ, कड्या, पडदे आणि वीजजोडण्या यांचे आयुष्य ३५ वर्षांचे नसते. म्हणजे आता अंतरंग सांगाड्याच्या खूप आधी थकेल आणि एकाच डब्याला दोन किंवा तीन वेळा नवे अस्तर द्यावे लागेल. मराठवाड्याला या कामात वाटा मिळण्याची संधी आहे: लातूरजवळच्या रेल्वे डबा कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा तयार झाला, तर छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात डब्यांच्या देखभालीच्या सुविधेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. वेल्डिंग, वीजजोडणी, गादीकाम आणि प्लास्टिक साच्यांची कौशल्ये असलेल्या वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहती जवळच आहेत.

सेवाकाल संपलेला डबाही लगेच भंगारात जात नाही. अनेक आयसीएफ डब्यांतील बाके काढून, खिडक्या बंद करून आणि टोकाला मोठी दारे बसवून त्यांतून नव्या मोटारी वाहून नेल्या जातात. काही डबे रुळांवरची उपाहारगृहे होतात, जसे २०२१ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर झाले.

कोणत्याही नूतनीकरणाची पारख करताना तीन प्रश्न विचारावेत. अस्तर बसवण्यापूर्वी गंज खरोखर काढला का, बसवलेले साहित्य पाणी आणि आग या दोन्हींपुढे टिकेल का, आणि या खर्चाचा लाभ सर्वाधिक तास सर्वाधिक गर्दीत काढणाऱ्या प्रवाशाला मिळतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यशाळा देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर धोरणाने द्यायचे आहे आणि ते लोकांनी मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून साध्या आणि शयनयान डब्यांच्या मोठ्या दुरुस्तीचे वर्ष व तीत केलेली कामे डब्यातच प्रवाशाला वाचता येतील अशी लावावीत, ही मागणी कमी खर्चाची, रास्त आणि आजच पुरी करण्याजोगी आहे.